वाट पुसावी कशी, सांगावी कशी?

भाषेच्या तासाला आपण विभक्ती शिकतो, प्रत्यय शिकतो, समास सोडवतो. परंतु माणसाला दररोज लागणारी एक भाषा कोणत्याच पाठ्यपुस्तकात नाही. ती म्हणजे वाट विचारण्याची आणि वाट सांगण्याची भाषा. दरवर्षी जून-जुलैत कागदपत्रांची पिशवी छातीशी धरून मध्यवर्ती बसस्थानकावर उतरणाऱ्या मुलामुलींना सर्वांत आधी हीच भाषा लागते. आपल्यापैकी पुष्कळ जण असेच या शहरात आले. मीही त्यांतलाच. म्हणून या लहानशा विषयावर चार शब्द लिहावेत असे वाटले.

प्रथम 'वाट' हा शब्दच पाहा. मराठीत वाट पाहतात, वाट चुकते, वाट मोडते आणि वाट लागतेसुद्धा! पाहुण्याला निरोप देऊन 'वाटेला लावणे' निराळे आणि एखाद्या कामाची 'वाट लावणे' निराळे. वाट चालणारा तो वाटसरू, दाखवणारा तो वाटाड्या आणि लुटणारा तो वाटमाऱ्या. एवढा मोठा संसार या शब्दाने थाटला आहे, याचे कारण उघड आहे. आपले वाडवडील पायी चालणारे होते, आणि पायी चालणाऱ्याला पदोपदी विचारावे लागते.

आमचे गाव पैठण तालुक्यातले. गावाकडे वाट सांगताना डावे-उजवे फारसे येत नाही. मळा कुठे असे विचारले तर उत्तर मिळते, "वढ्याच्या अंगानं उगवतीकडं निघा. चिंच लागंल. तिथून पांदीनं वर चढा." यात उगवती-मावळती आहे, वर-खाली आहे, ओढा आणि झाड आहे. मात्र हाताचा उल्लेख नाही. हा अडाणीपणा नव्हे, त्यामागे विचार आहे. डावे आणि उजवे हे माणसाच्या तोंडावर अवलंबून असते. तोंड फिरवले की डावे ते उजवे होते. शेतात गल्ली नाही, कोपरा नाही. माणूस कोणत्या बाजूने येईल याचा नेम नाही. सूर्य मात्र आपली जागा सोडत नाही आणि ओढा उलटा वाहत नाही. म्हणून शेतकरी न बदलणाऱ्या खुणा निवडतो.

जगात असे करणारे आपण एकटेच नाही. ऑस्ट्रेलियातील गुगु यिमिथिर ही भाषा याबाबतीत भाषाशास्त्रज्ञांत प्रसिद्ध आहे. १७७० साली कॅप्टन कुकच्या मंडळींनी 'कांगारू' हा शब्द याच लोकांकडून उचलला. जुन्या पद्धतीने ही भाषा बोलणारे लोक जवळच्या वस्तूलासुद्धा पूर्व-पश्चिम लावतात. 'तुझ्या डाव्या पायाशी मुंगी आहे' असे न म्हणता ती पायाच्या कोणत्या दिशेला आहे ते सांगतात. त्यासाठी माणसाला सदैव दिशांचे भान ठेवावे लागते. आमच्या गावची म्हातारी माणसे ढगाळ दिवशीही उगवती चुकत नाहीत, ती याच सवयीमुळे.

हा उगवती-मावळतीचा माणूस शहरात येतो तेव्हा त्याची पंचाईत होते. गुलमंडीच्या किंवा शहागंजच्या गल्लीत आभाळच पट्टीएवढे दिसते. तेथे सूर्य कुठे शोधणार? परंतु गंमत अशी की, या शहरानेही एके काळी दिशांचीच भाषा वापरली होती. मलिक अंबरने १६१० साली खडकी वसवली आणि १६१२ साली भडकल दरवाजा बांधला. पुढे औरंगजेबाच्या काळात शहराला तट झाला. त्याचे मुख्य दरवाजे कोणते? उत्तरेला दिल्ली, पूर्वेला जालना, दक्षिणेला पैठण आणि पश्चिमेला मक्का, म्हणजे आपले मकाई गेट. दरवाजाला नाव दिले ते बाहेर पडणारी वाट जिकडे जाते त्या गावाचे. 'बावन्न दरवाजांचे शहर' असे आपण अभिमानाने म्हणतो. पण हे दरवाजे म्हणजे दगडात बांधलेले दिशादर्शक फलकच होत, हे आपल्या लक्षात येत नाही. जालना रोड, पैठण रोड, जळगाव रोड, बीड बायपास ही आजची नावेही त्याच वळणावर गेलेली आहेत.

आता भाषेची खरी मौज येथे सुरू होते. या शहरात वाट विचारली तर उत्तर मराठीत येईल किंवा दखनीत. दखनी ही बहामनी राजवटीपासून दख्खनच्या मातीत वाढलेली बोली. वली औरंगाबादी या नावाने ओळखला जाणारा कवी याच परंपरेतला. 'को'ऐवजी 'कू' म्हणणारी आणि मराठीचा 'नको' उचलून 'नक्को' करणारी ही बोली आपल्याला परकी वाटत नाही. तरीही एका शब्दापाशी नवखा मराठी माणूस अडखळतो. समजा उत्तर आले, "सीधे जाव, गेट के आगे सीधे हात कू मुडो." येथे पहिला 'सीधे' म्हणजे सरळ आणि दुसरा 'सीधे' म्हणजे उजवा! हिंदी-उर्दूप्रमाणेच दखनीतही उजवा हात तो 'सीधा हात' आणि डावा तो 'उलटा हात'. ज्याला हे ठाऊक नाही तो गेट ओलांडून नाकासमोर चालत राहतो. म्हणून लक्षात ठेवावे की 'सीधे' या शब्दानंतर 'हात' आला तर वळायचे, न आला तर वळायचे नाही.

डाव्या हाताला कमी लेखण्यात मराठीही मागे नाही. आपण एखाद्याला 'डावलतो', दोन माणसांत 'डावे-उजवे' करतो. फिलिपाईन्स देशातील सेबुआनो भाषेविषयी वाचताना असेच नवल वाटले. त्या भाषेत उजव्याला 'तुओ' आणि डाव्याला 'वाला' म्हणतात. आणि उच्चारातील थोड्या फरकाने 'वाला' याच शब्दाचा अर्थ 'नाही' असा होतो. त्या भाषेत जागा दाखवणारे शब्दही मोजून वापरलेले असतात. माझ्याजवळचे ते 'दिरी', तुझ्याजवळचे ते 'दिहा' आणि दोघांपासूनही दूर असलेले ते 'दिद्तो'. आपण 'इथं' आणि 'तिथं' या दोनांवर भागवतो आणि अधिक लांबचे असेल तर 'पल्याड' म्हणून हात लांब करतो.

वाट विचारताना पहिला शब्द हाकेचा असतो आणि पुष्कळदा कामाचे यश त्यावरच ठरते. गावात मामा, दादा, आण्णा, मावशी. शहागंजात चाचा, भाई, खाला. 'ओ' अशी नुसती हाक मारली तर माणूस वळून पाहतो, पण थांबत नाही. नाते जोडले की तो हातातले काम बाजूला ठेवून दोन पावले बरोबरही येतो.

त्यानंतर खुणांचा प्रश्न. शहरातल्या खुणा फसव्या असतात, कारण वस्तू जाते आणि नाव राहते. मोंढा नाका, जकात नाका अशी नावे आपण सर्रास वापरतो. जकात कर महाराष्ट्रातून २०१७पर्यंत पूर्णपणे गेला, नाका मात्र जिभेवरून हलला नाही. पाटीवर महावीर चौक असले तरी रिक्षावाल्याला 'बाबा पेट्रोल पंप' म्हटलेले लवकर कळते. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय तर सगळ्या मराठवाड्याला 'घाटी' या दोन अक्षरांनी ठाऊक आहे. सिडकोने वसाहतीला एन-१, एन-२ असे क्रमांक दिले. नकाशा वाचणाऱ्याला ते सोयीचे आहेत. पण चालणारा माणूस शेवटी टी. व्ही. सेंटर, कॅनॉट नाहीतर पाण्याची टाकी विचारतो. आकडा डोळ्यांना दिसत नाही, टाकी दिसते!

अंतराचेही तसेच. 'हाकेच्या अंतरावर' हे माप जुने आणि प्रामाणिक आहे, कारण हाक तेवढीच पोचते. 'हे काय, इथंच हाय' हे मात्र माप नसून धीर देण्याची रीत आहे. ऐकणाऱ्याने त्यात एक कोस मिळवून घ्यावा.

येथवर सारे गमतीचे झाले. पण या विषयाची एक बाजू गमतीची नाही. गावात परक्या माणसाने घर विचारले की उलट प्रश्न येतो, "कुणाकडं जायचं? तुम्ही कुणाचे?" त्या प्रश्नाचे उत्तर दिल्यावाचून वाट मिळत नाही. आणि वाट सांगितली जाते तीही वाड्याच्या, म्हणजे जातीच्या नावाने. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लिहून ठेवले आहे की, अस्पृश्यांची वस्ती गावापासून वेगळी आणि दक्षिणेला असावी असा दंडक होता, कारण दक्षिण ही अशुभ दिशा मानलेली. म्हणजे दिशासुद्धा निर्मळ राहिलेली नाही. आमची वस्ती गावाच्या ज्या अंगाला आहे ते अंग सांगितले की पुढचे काही सांगावे लागत नाही. ऐकणाऱ्याला सर्व कळते.

डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावे त्यासाठी सुचवली गेली. कोणी म्हणेल, नाव बदलल्याने काय होते? माझे म्हणणे असे की, पाटी बदलणे हे निम्मे काम आहे. उरलेले निम्मे वाट सांगणाऱ्याच्या तोंडी आहे. पाटीवर नवे नाव आणि पारावर जुने नाव, असे जोवर चालते तोवर पत्रावरचा पत्ता तेवढा सुधारला, माणूस होता तेथेच राहिला.

या दृष्टीने शहरातला रस्ता मला मोठा वाटतो. भडकल गेटवर उभे राहून कोणीही कोणालाही वाट विचारावी. आडनाव न सांगता उत्तर मिळते. अर्थात भाड्याची खोली शोधायला निघाल्यावर तोच जुना प्रश्न दारात उभा राहतो, हेही मी अनुभवले आहे. पण निदान रस्त्यावर तरी वाट सांगणारा फक्त वाट सांगतो. खेड्यातून आलेल्या माणसाला हे स्वातंत्र्य किती मोलाचे वाटते, ते शहरात जन्मलेल्या मित्रांच्या कदाचित ध्यानात येणार नाही.

आज कोणी म्हणेल, फोनमध्ये नकाशा असताना विचारायचे कशाला? फोन रस्ता दाखवतो, त्याचे उपकार मान्य आहेत. पण त्याला ठिकाणाचे नाव नीट सांगावे लागते आणि त्याने दाखवलेले वाचावे लागते. माझ्या आईला अक्षर येत नाही. ती घाटीत येते तेव्हा विचारतच येते. तिचा नियम ठरलेला आहे. घाईत चालणाऱ्याला विचारायचे नाही. भाजी घेऊन बसलेल्या बाईला विचारायचे, कारण ती दिवसभर तिथेच असते. शहागंज म्हणजे तिच्या लेखी 'घड्याळाचा मनोरा'. जी खूण वाचावी लागत नाही तीच तिच्या उपयोगाची.

यावरून वाट सांगणाऱ्यासाठी काही साध्या गोष्टी निघतात. पाटीचे नाव सांगावे, पण त्याबरोबर डोळ्यांना दिसणारी एक खूणही सांगावी. दोनच वळणे सांगावीत आणि पुढचे पुढे विचारायला सांगावे, कारण तिसरे वळण ऐकणाऱ्याच्या ध्यानात राहत नाही. 'डावीकडे' म्हणताना हात करावा. ठाऊक नसेल तर ठाऊक नाही असे म्हणावे; अंदाजाने सांगितलेल्या वाटेचे पाय विचारणाऱ्याचे दुखतात. आणि तो कोण, कोणाचा, हे विचारू नये.

शेवटी एक विनंती. आपल्या महाविद्यालयात अनेक तालुक्यांतून मुले-मुली येतात. प्रत्येकाच्या गावी वाट, दिशा आणि अंतर सांगणारे निराळे शब्द असतील. ते वहीत उतरवून मराठी विभागातील प्राध्यापकांकडे द्यावेत. अजून आपल्या घरी ते बोलणारी माणसे आहेत, तोवर हे काम होण्यासारखे आहे.