सूक्ष्मजंतुजन्य कीटकनाशके : परिणामकारकता व टिकाऊपणा

कीटकांना रोग वा विषबाधा घडविणाऱ्या सूक्ष्मजंतूंपासून तयार केलेली कीटकनाशके. व्यवहारात त्यांपैकी बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा जंतूच विशेष महत्त्वाचा ठरला आहे. जपानात इशिवाता यांना १९०१ मध्ये तो रेशीमकिड्यांत आढळला. जर्मनीत बेर्लिनर यांनी १९११ मध्ये पिठावरील पतंगाच्या रोगासंबंधी लिहिताना त्याचे वर्णन केले व थुरिंजिया प्रांतावरून त्यास नाव मिळाले. बीजुक तयार होताना या जंतूच्या कोशिकेत प्रथिनाचा स्फटिक बनतो. तो अळीच्या क्षारीय मध्यांत्रात विरघळतो आणि एंझाइमांच्या क्रियेने मोकळे झालेले विष आतड्याच्या अस्तराला छिद्रे पाडते. अळी लवकरच खाणे थांबविते, पण मरण्यास काही दिवस लागतात; त्यामुळे औषध लागू पडले नाही, असा शेतकऱ्याचा गैरसमज होतो.

मारक द्रव्य मुख्यतः स्फटिकात असल्याने बीजुके मोजून कीटकनाशकाचा जोर कळत नाही. प्रमाणित नमुन्याशी अळ्यांवर तुलना करून तो आंतरराष्ट्रीय एककांत सांगतात. डल्मेज यांनी १९७० मध्ये वर्णिलेल्या एचडी-१ या वाणामुळे हा जोर पुष्कळ वाढला.

महाड व पोलादपूर या रायगड जिल्ह्यातील अतिवृष्टीच्या तालुक्यांत टिकाऊपणाचा प्रश्न दुहेरी आहे. पावसाळ्यात फवारा धुऊन जातो. भाताच्या खोडकिडीची अळी तर खोडात शिरत असल्याने तिच्यापर्यंत तो पोहोचतच नाही. भातकापणीनंतर जमिनीतील ओलीवर घेतलेल्या वालाच्या शेंगा पोखरणाऱ्या कोवळ्या अळ्यांवर तो अधिक उपयोगी पडतो. मात्र तेथे उन्हातील जंबुपार किरणांनी बीजुके व प्रथिन निकामी होऊन परिणाम थोड्याच दिवसांत ओसरतो. म्हणून फवारणी सायंकाळी करणे हितावह असते. लिग्निन, मेलॅनीन यांसारखी किरणशोषक द्रव्ये मिसळणे किंवा स्टार्चच्या कणांत औषध कोंडणे हे उपायही योजतात. अळीने अधिक खावे म्हणून मळी घालतात.

साठवणीत उष्णता व दमटपणा हे खरे शत्रू होत. ओलाव्यात प्रथिनभंजक एंझाइमे व इतर जंतू स्फटिक नष्ट करतात. पावसाळाभर दमट घरात फोडून ठेवलेले पुडके हिवाळ्यात निरुपयोगी ठरण्याचा संभव असतो. कोरडी, हवाबंद भुकटी द्रवरूपापेक्षा सामान्यतः जास्त टिकते. पाण्यात कालविलेले औषध त्याच दिवशी संपवावे लागते. चुनायुक्त बोर्डो मिश्रणात ते मिसळू नये, कारण तीव्र क्षारीय द्रवात स्फटिक अळीच्या पोटात जाण्यापूर्वीच विरघळतात.