एक कॉम्प्युटर, दोन राखणदार

बालमित्रांनो, जालना शहर पाहिलंय का तुम्ही? जालना जिल्ह्यातल्या वाचकांना हे विचारायचं कारणच नाही, पण बाकीच्यांसाठी सांगतो. शहराच्या मधून कुंडलिका नदी वाहते. एका काठाला जुना जालना, दुसऱ्या काठाला नवा जालना. गाव एकच, नाव एकच, पण मध्ये नदी. पूल आहेत म्हणून इकडचा माणूस तिकडे जातो.

आज ज्या कॉम्प्युटरची गोष्ट सांगायची आहे, तोही असाच आहे. त्याची हार्डडिस्क एकच, पण तिचे भाग पाडलेले. एका भागात विंडोज, दुसऱ्या भागात लिनक्स. बटण दाबलं की पडद्यावर आधी एक छोटी यादी येते : आज कोणाला उठवू? तुम्ही निवडाल ती प्रणाली जागी होते, दुसरी झोपूनच राहते. अशा कॉम्प्युटरला मल्टिबूट म्हणतात.

समजा, हा कॉम्प्युटर जालन्यातल्याच एका घरी आहे. बाबांचं बी-बियाण्यांचं दुकान. (बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली महिको ही बियाण्यांची कंपनी जालन्यातच सुरू केली. बियाण्यांसाठी हे गाव देशभर ठाऊक आहे, तेव्हा असं घर कल्पनेत आणायला त्रास पडू नये.) बाबा विंडोजमध्ये दुकानाची उधारी लिहून ठेवतात. कोणत्या गावच्या कोणाकडे किती बाकी, कोण कधी देणार, सगळं. ताई पॉलिटेक्निकला आहे, तिला अभ्यासाला लिनक्स लागतं. म्हणून तिनं त्याच डिस्कवर उबुंटू बसवून घेतलं. आणि धाकटा आठवीत. त्याला काय, जे मिळेल ते चालतं!

एका दुपारी हा धाकटा ताईच्या लिनक्समध्ये शिरला. खिडकीच्या डाव्या बाजूला डिस्कचं एक चित्र दिसलं. केलं क्लिक. आणि बाबांची उधारीची अख्खी वही समोर उघडली! पासवर्ड कोणी विचारलाच नाही. यादीत वरून पाचवं नाव त्याच्या वर्गातल्या मित्राच्या वडिलांचं होतं. पुढे आकडा.

त्यानं खिडकी पटकन बंद केली. पण वाचलेला आकडा काही बंद होत नाही. उद्या शाळेत त्याच मित्राशेजारी बसायचंय.

"ताई, बाबांनी तर विंडोजला पासवर्ड ठेवलाय ना? मग हे उघडलं कसं?"

प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि भल्या भल्या मोठ्या माणसांना त्याचं उत्तर ठाऊक नसतं.

राखणदार आणि कुलूप

गंमत अशी की पासवर्ड म्हणजे कुलूप, असं आपण समजतो. पण विंडोजचा नेहमीचा पासवर्ड म्हणजे कुलूप नव्हे, तो राखणदार आहे. तो दारात उभा राहून विचारतो, "कोण तू? नाव सांग, खूण सांग." पटलं तर आत सोडतो. पण हा राखणदार विंडोजच्या पगारावर! विंडोज जागं असेल तेव्हाच तो जागा. लिनक्स सुरू केलं, की विंडोज आणि त्याचा राखणदार दोघंही डिस्कवर नुसती अक्षरं होऊन पडलेले असतात. आणि आतल्या खोल्यांना कुलूप मुळी नव्हतंच.

मग लिनक्सला राखणदार नाही का? आहे, आणि चांगला कडक आहे. पण तो पलीकडच्या काठावरचा. विंडोजमध्ये कोणाला काय परवानगी दिली आहे, हे तो सहसा विचारातच घेत नाही. बाबांना तो ओळखत नाही. ताईनं त्याला सांगितलं असतं, तर त्यानं अडवलं असतं. कोणी सांगितलंच नाही.

हा लिनक्सचा राखणदार इतका शिस्तीचा का, त्याचीही एक कथा आहे. १९६९ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स नावाची प्रणाली तयार करायला घेतली. त्या काळी कॉम्प्युटर एवढे महाग, की एकाच यंत्रावर कितीतरी जण एकाच वेळी काम करत. मग माझी फाईल कोणती, तुझी कोणती, हे आधी ठरवणं भाग होतं. त्यामुळे प्रत्येक फाईलवर तिच्या मालकाची खूण आली. पुढे १९९१ मध्ये फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं लिनक्सची घोषणा केली, तेव्हा ही जुनी शिस्त त्यानं जशीच्या तशी उचलली.

घरगुती विंडोजची गोष्ट वेगळी. ते एका माणसाच्या एका यंत्रासाठी वाढलं. तुमच्या आई-बाबांना विचारा, विंडोज ९५ आठवतं का? त्यात पासवर्डची खिडकी आली की एस्केपचं बटण दाबायचं, आणि थेट आत! १९९३ मध्ये विंडोज एनटीबरोबर एनटीएफएस नावाची मांडणी आली, तिच्यात फाईलचा मालक लिहायची सोय होती. पण फॅट ही जुनी मांडणी अजून कितीतरी पेन ड्राइव्हमध्ये आहे, आणि तिच्यात मालक नावाची गोष्टच नाही. फाईल आहे, ती सगळ्यांची.

पूल टाकायचा कोणासाठी?

आता मुख्य मुद्दा. विंडोजमध्ये सी, डी अशी ड्राइव्हना अक्षरं असतात. लिनक्समध्ये तसं नसतं. तिथे सगळी फोल्डरं एकाच झाडाच्या फांद्या. दुसरी डिस्क वापरायची, तर ती या झाडाच्या एखाद्या फोल्डरला जोडावी लागते. या जोडणीला माउंट करणं म्हणतात. (जुन्या काळी टेपची रिळं आणि डिस्कच्या जड चकत्या माणसं खरोखरच हातानं उचलून यंत्रावर चढवत, तिथून हा शब्द आला.) आपण म्हणू, माउंट म्हणजे नदीवर पूल टाकणं. आणि पुलावरून कोणाला जाऊ द्यायचं, हे पूल टाकतानाच ठरवता येतं.

पहिला उपाय अगदी सोपा. घरातल्या प्रत्येकाला लिनक्समध्ये वेगळं खातं द्यायचं. ताईचं व्यवस्थापकाचं, धाकट्याचं साधं. उबुंटूमध्ये व्यवस्थापकाच्या खात्यातून आतल्या डिस्कवर क्लिक केलं की ती सरळ उघडते, पण साध्या खात्याला ती व्यवस्थापकाचा पासवर्ड मागते. आपल्या गोष्टीतल्या धाकट्याला तो मागितला नाही, कारण तो ताईच्याच खात्यात बसला होता! सगळं घर एकाच खात्यातून काम करत असेल, तर पुढचे उपाय करून काही फायदा नाही, बरं का.

दुसरा उपाय थोडा अभ्यासाचा. लिनक्समध्ये एफएसटॅब नावाची एक साधी मजकुराची फाईल असते. कोणता ड्राइव्ह, कोणत्या फोल्डरला आणि कोणत्या अटींवर जोडायचा, हे तिच्यात एकेका ओळीत लिहितात. विंडोजच्या ड्राइव्हसाठी दोन अटी महत्त्वाच्या. एक यूआयडी, म्हणजे मालकाचा क्रमांक. दुसरी युमास्क, म्हणजे कोणाकडून काय काढून घ्यायचं.

युमास्कचं गणित तुम्हाला आवडेल. वाचायच्या परवानगीला ४ गुण, लिहायच्या परवानगीला २ आणि आत शिरायच्या परवानगीला १. तिन्हींची बेरीज ७. आता तीन आकडे शेजारी लिहायचे : पहिला मालकाचा, दुसरा त्याच्या गटाचा, तिसरा उरलेल्या सगळ्यांचा. ०७७ लिहिलं तर मालकाकडून शून्य काढलं, म्हणजे त्याला सगळं मोकळं. गटाकडून ७ काढले आणि इतरांकडून ७ काढले, म्हणजे त्यांच्या हाती भोपळा! घरच्या फोटोंचा आणि गाण्यांचा ड्राइव्ह सगळ्यांनी मिळून वापरायचा असेल, तर घरातल्यांचा एक गट करून गटाचा क्रमांकही त्या ओळीत द्यायचा आणि ००७ लिहायचं. (जेम्स बाँडचा यात काही संबंध नाही.) मालक आणि गट आत, परका बाहेर.

मात्र ही अट अख्ख्या ड्राइव्हला एकदम लागते. एक फाईल उघडी, शेजारची बंद, असा प्रकार या रीतीनं होत नाही. आणि लिनक्सच्या स्वतःच्या ईएक्सटी४ मांडणीच्या ड्राइव्हला युमास्क लावू नका, तो जोडलाच जाणार नाही. तिथे प्रत्येक फाईलवर मालक लिहिलेला असतोच.

पण मालक लिहिलेला असतो तो कसा? नावानं नव्हे, क्रमांकानं! उबुंटूमध्ये पहिल्या माणसाचा क्रमांक १००० असतो. आता त्याच डिस्कवर दुसरं लिनक्स बसवलं, समजा आपल्या सी-डॅकनं २००७ साली आणलेलं बॉस, आणि त्यात पहिलं खातं धाकट्याचं काढलं, तर त्याचाही क्रमांक बहुतेक १०००च येईल. मग तिथला राखणदार ताईच्या फाईलींवर १००० बघून धाकट्याला सलाम ठोकतो, "या मालक!" त्याची चूक नाही. त्याला बिल्ल्यावरचा आकडा तेवढा वाचता येतो.

एफएसटॅबमध्ये एक अक्षर चुकलं, तर कॉम्प्युटर पुढच्या वेळी अर्ध्यावरच अडून बसू शकतो. म्हणून आधी फाईलची नक्कल ठेवायची, आणि बदल केल्यावर यंत्र बंद न करता सगळे ड्राइव्ह जोडून पाहायची आज्ञा देऊन खात्री करायची. आठवी-नववीतल्यांनी हे काम मोठ्यांना शेजारी बसवून करावं. शेजारी बसलेल्या मोठ्यांनाही त्यातून काही कळेल.

आणखी एक. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप नावाची सोय आहे. तिच्यामुळे विंडोज बंद केलं तरी पूर्ण बंद होत नाही, एक डोळा उघडा ठेवून झोपतं. अशा वेळी लिनक्समधून त्याच्या ड्राइव्हवर लिहिलं, तर फाईली बिघडू शकतात. म्हणून लिनक्स बहुधा लिहू देत नाही, किंवा ड्राइव्ह जोडायलाच नकार देतं. मल्टिबूट कॉम्प्युटरवर ही सोय बंद ठेवलेली बरी.

उलट्या बाजूनं काय? विंडोजला ईएक्सटी४ आपणहून वाचता येत नाही, त्यामुळे ताईचा अभ्यास त्या बाजूनं बराचसा सुरक्षित. पण न वाचता येणारा ड्राइव्ह दिसला की विंडोज कधीकधी विचारतं, "हा फॉर्मॅट करायचा का?" हो म्हटलं, की ताईचं वर्षभराचं काम गेलं! काही जण ड्राइव्हचं अक्षर काढून टाकतात, म्हणजे तो दिसत नाही. चांगलं आहे, पण ते दार पडद्याआड झाकणं झालं.

मग खरं कुलूप कोणतं?

समजा, हे सगळं केलं. तरी कोणी एक पेन ड्राइव्ह आणला, त्यात तिसरंच लिनक्स होतं, आणि कॉम्प्युटर त्यावरून सुरू केला, तर? तर तिसरा राखणदार आला, आणि या वेळी पाहुणाच मालक! पेन ड्राइव्हवरून सुरू होणं बायोसमध्ये बंद करून त्यालाही पासवर्ड ठेवता येतो. पण स्क्रू काढून डिस्क दुसऱ्या यंत्राला लावली, की तेही संपलं. शिवाय ताई लिनक्सची व्यवस्थापक, म्हणजे तिला कोणताच पूल बंद नाही. बाबांना उधारी ताईलाही दाखवायची नसेल, तर राखणदारांच्या भरवशावर भागत नाही.

इथे लागतं कूटलेखन. फाईलींतला मजकूरच किल्लीनं असा घुसळून ठेवायचा, की किल्लीवाचून कोणत्याही प्रणालीला तो नुसता कचरा दिसावा. विंडोजच्या काही आवृत्त्यांत बिटलॉकर असतं, लिनक्समध्ये लक्स, आणि दोन्हीकडे चालणारं व्हेराक्रिप्ट फुकट मिळतं. हे कुलूप कोण जागं आहे, कोण झोपलं आहे, ते बघतच नाही. बाबांनी व्हेराक्रिप्टची एक पेटी करून उधारी तिच्यात ठेवली, की काम संपल्यावर पेटी मिटायची, बस्स. मग लिनक्समधून ड्राइव्ह उघडला तरी धाकट्याला पेटी दिसेल, आतलं नाव दिसणार नाही.

पालकांसाठी दोन गोष्टी. या कुलपाला दुसरी किल्ली करून देणारा कारागीर कुठेच नाही. व्हेराक्रिप्टचा पासवर्ड विसरलात, तर उधारी गेलीच म्हणून समजा. तेव्हा हिशेबाची एक प्रत वेगळ्या, तशाच कुलूपबंद जागी हवी. आणि हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये विंडोज आपणहून डिस्कचं कूटलेखन करून ठेवतं. घरात कोणाला त्याचा पत्ताही नसतो. अशा यंत्रावर मुलांनी लिनक्स बसवलं, सुरू होण्याच्या क्रमात बदल केला, की पुढच्या वेळी विंडोज ४८ अंकी किल्ली मागू शकतं. ती बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असते. लिनक्स बसवायच्या आदल्या दिवशीच ती शोधा, कागदावर उतरवा, दोघांनी मिळून अंक पडताळा, आणि तो कागद कॉम्प्युटरच्या टेबलाच्या खणात ठेवू नका.