चौलचं कॅथेड्रल तीन गावांत

एका दिवसाच्या वाटा : माणगावहून रेवदंडा, कोर्लई आणि पाली

शनिवारी सकाळी माणगावच्या नाक्यावर मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागते. त्यातल्या बहुतेक मोर्ब्याच्या रस्त्याला वळतात, कारण पुढे म्हसळा, दिवेआगर, श्रीवर्धन आणि हरिहरेश्वर आहे. या आठवड्याची वाट मात्र त्या गर्दीकडे पाठ करून निघते. महामार्गाने उत्तरेला इंदापूर आणि कोलाड, तिथून रोहा, मग कुंडलिकेच्या काठाकाठाने चणेरा आणि साळाव. साधारण 70 किलोमीटरवर खाडीचं मुख लागतं. उजवीकडे पूल ओलांडला की रेवदंडा, डावीकडे समुद्रात घुसलेल्या डोंगरावर कोर्लईचा किल्ला. एकाच दिवसात जुनी चर्चं आणि समुद्रकाठचं गाव दोन्ही बघायचं असेल तर रायगड जिल्ह्यात याहून चांगली जागा नाही.

लंडनकरांना अशी सहल नवी नाही. सकाळी कँटरबरीचं कॅथेड्रल, दुपारी व्हिटस्टेबलला समुद्रावर कालवं, संध्याकाळच्या गाडीने घरी. कँटरबरीत 1170 मध्ये आर्चबिशप थॉमस बेकेटचा खून झाला ती जागा दाखवतात, आणि त्याच इमारतीत आजही प्रार्थना चालते. रेवदंड्याचं नातं मात्र जास्त जुळतं ते इंग्लंडच्या उत्तरेकडच्या व्हिटबी या मच्छीमार गावाशी. तिथे समुद्रावरच्या कड्यावर छप्पर नसलेल्या मठाच्या भिंती उभ्या आहेत. राजा आठव्या हेन्रीने मठ मोडायला काढले, त्यात 1539 मध्ये व्हिटबीचा मठ बंद झाला. गंमत अशी की त्याच सुमारास इकडे कुंडलिकेच्या मुखाशी फ्रान्सिस्कन पंथाचे जोगी चिरे रचत होते.

ते इथे आले कसे, हे समजायला चौलकडे बघावं लागतं. रेवदंडा हे चौलचंच समुद्राकडचं अंग. पोर्तुगीज येण्याआधी हजार-दीड हजार वर्षं हे बंदर गाजत होतं. ग्रीक भाषेतल्या जुन्या नौकावर्णनांत ते येतं, अरब प्रवासी त्याला सैमूर म्हणत. वास्को द गामा 1498 मध्ये कालिकतला उतरला, पण त्याच्या सुमारे तीस वर्षं आधी अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी घोडा घेऊन चौललाच उतरला होता. त्याचं स्मारक रेवदंड्याच्या शाळेच्या आवारात आहे.

पोर्तुगिजांची सुरुवात इथे पराभवाने झाली. 1508 मध्ये चौलच्या पाण्यात इजिप्तचं मामलुक आरमार आणि दीवचा मलिक अयाझ यांनी मिळून त्यांना गाठलं. त्या लढाईत व्हाइसरॉय फ्रान्सिस्कु द आल्मेदाचा मुलगा लोरेन्सु मारला गेला, आणि बापाने पुढच्या वर्षी दीवला त्याचा सूड घेतला. 1521 मध्ये अहमदनगरच्या निजामशाहाने रेवदंड्यात किल्ला बांधायची परवानगी दिली. निजामशाहाला समुद्रमार्गे घोडे हवे होते, पोर्तुगिजांना बंदर हवं होतं. सौदा दोघांच्या सोयीचा होता, म्हणून काही दशकं टिकला.

1570 मध्ये तो मोडला. मुर्तझा निजामशाहाने चौलला वेढा घातला आणि त्याच वेळी विजापूरचा अली आदिलशाहा गोव्यावर चालून गेला. कित्येक महिने तोफा चालल्या. तटाबाहेरचे मठ आणि चर्चं ही लढाईची ठाणी बनली, कारण आसपास तेवढ्या जाड भिंती दुसऱ्या कशाला नव्हत्या. वेढा उठला, पण त्यातून एक शहाणपण आलं. पुढच्या काळात साऱ्या वस्तीभोवतीच तट घालण्यात आला. आज रेवदंड्याचे लोक ज्याला आगरकोट म्हणतात तो हाच. एसटी आणि मोटारी अजूनही त्याच्या भगदाडांतून आणि दरवाज्यांतून ये-जा करतात, आणि तटाच्या आत नारळी-पोफळीच्या वाड्या, घरं, विहिरी असं अख्खं गाव नांदतं.

चर्चं शोधायची ती या वाड्यांमध्ये. पाटी पाहून थेट पोचता येईल अशी सोय फार थोड्या ठिकाणी आहे. वाडीच्या बांधावरून, शिपण्याच्या पाटाला पाय न लावता, मालकाला हाक मारून आत जायचं. कुणी नाही म्हणत नाही, फक्त विचारलेलं आवडतं.

सगळ्यात आधी नजरेत भरतो तो सातखणी बुरूज. नावाप्रमाणे मनोरा सात मजली होता, त्यातले वरचे खण आता पडले आहेत, तरी उरलेला भाग माडांच्या शेंड्यांशी बरोबरी करतो. हा फ्रान्सिस्कन पंथाच्या चर्चचा घंटेचा मनोरा, सांता बार्बराच्या नावाचा. बार्बरा ही तोफखान्यातल्या लोकांची रक्षणकर्ती संत. तोफांच्या जिवावर तगलेल्या गावाने तिची निवड करावी यात नवल नाही. जवळ गेलं की मनोऱ्याची बांधणी कळते. कोपऱ्यांना घडीव चिरे, मधल्या भिंतीत ओबडधोबड काळा दगड आणि चुना, त्यावर एकेकाळी पांढरा गिलावा. गिलावा गेला तिथे दगडांच्या सांध्यांतून वडाची मुळं उतरली आहेत. काही ठिकाणी ती भिंत फोडतात, आणि काही ठिकाणी भिंत धरून ठेवणारीही तीच आहेत. मुळं काढली तर काय पडेल याचा अंदाज बांधणं हे अशा वास्तूंची डागडुजी करणाऱ्यांचं कायमचं दुखणं असतं.

थोड्या अंतरावर डोमिनिकन पंथाच्या चर्चचे अवशेष. वेढ्यानंतरच्या काळात जेझुइट आणि ऑगस्टिनियन पंथांनीही इथे घरं थाटली. चारही पंथांची चर्चं एका लहानशा तटबंद गावात, शिवाय संत झेवियरच्या नावाचं छोटं प्रार्थनागृह, हे ऐकून आज जरा जास्तच वाटतं. पण प्रत्येक पंथाचे देणगीदार वेगळे, शाळा वेगळी, मिरवणूक वेगळी. पेठेतल्या गणेश मंडळांची चुरस पाहिलेल्या वाचकाला हे वेगळं समजावून द्यायला नको.

आणि कॅथेड्रल? जुन्या वर्णनांत रेवदंड्याच्या मुख्य चर्चला सर्रास कॅथेड्रल म्हटलेलं सापडतं. काटेकोरपणे पाहिलं तर कॅथेड्रल म्हणजे जिथे बिशपचं आसन असतं ते चर्च, आणि चौलला बिशप कधीच नव्हता. गोव्याला 1534 मध्ये बिशपचं पीठ मिळालं आणि चौल त्याच्याच अखत्यारीत राहिलं. जुन्या गोव्याचं से कॅथेड्रल 1562 मध्ये बांधायला घेतलं आणि पूर्ण व्हायला पाऊण शतकाहून अधिक काळ लागला. त्याचा एक मनोरा 1776 मध्ये कोसळला, तो पुन्हा कुणी बांधला नाही. तेव्हा रेवदंड्याचं ते मातृचर्च, गावातलं पहिलं आणि मानाचं. या चर्चांचा काळ मध्ययुग म्हणावा तर तेही काठावरचंच. युरोपात तोवर रेनेसान्सची चलती होती, पण समुद्रापलीकडे आलेल्या गवंड्यांच्या हातात अजून जुनी वळणं होती. जुन्या गोव्यातल्या रोझरी चर्चच्या छतात गॉथिक धाटणीच्या दगडी फासळ्या आजही दिसतात.

रेवदंड्यात उभं राहिलं की एक प्रश्न पडतोच. भिंती एवढ्या भक्कम, मग छप्पर एकाचंही का नाही? उत्तर बांधणीतच आहे. या भागातल्या पोर्तुगीज चर्चांत जिथे लोक बसत त्या लांब दालनावर लाकडी आढ्याचं कौलारू छप्पर असे. दगडी कमानीचं छत फक्त वेदीवर, म्हणजे मंदिराच्या भाषेत गाभाऱ्यावर. माणसं गेली, कौलं शाकारायला कुणी उरलं नाही, की कोकणातल्या चार-सहा पावसाळ्यांत लाकूड कुजतं. जे चांगलं उरतं ते लोक घरबांधणीला नेतात. म्हणून आज दालनं आभाळाखाली आहेत आणि वेदीकडच्या कमानींचे तुकडे तेवढे तग धरून आहेत. या चर्चांचा चुराडा मराठ्यांनी केला असं ठोकून देणारे मार्गदर्शक भेटतात. तोफांनी काही पाडलं हे खरं, पण मोठं काम पावसाने आणि रिकामेपणाने केलं.

रिकामेपणा मराठ्यांच्याही आधी सुरू झाला होता. 1661 च्या विवाहकरारात मुंबई इंग्रजांना आंदण गेली आणि हळूहळू व्यापारही तिकडे सरकला. खाडी गाळाने भरत होतीच. 1739 च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी वसई घेतली, आणि चौलचा निकाल त्याच दिवशी लागल्यासारखा झाला. मुंबईच्या इंग्रजांच्या मध्यस्थीने 1740 मध्ये तह होऊन रेवदंडा आणि कोर्लई मराठ्यांकडे आले.

दुपारचं जेवण रेवदंड्यातच उरकावं. मिळालाच तर ताजा बांगडा, नाहीतर सोलकढी आणि कोलंबी. किनाऱ्याची वाळू काळसर आहे आणि तटाची भिंत थेट तिच्यावर उतरते. ओहोटी असेल तर तटाच्या बाहेरून चालत जाता येतं, भरतीला पाणी जवळ येतं तेव्हा तो नाद सोडावा. गावात बेने इस्रायली समाजाचं बेथ एल सिनेगॉगही आहे. पण आज रेवदंड्याचं नाव महाराष्ट्रभर पोचलंय ते या कशामुळेच नाही, तर धर्माधिकारी घराण्याच्या निरूपणाच्या बैठकांमुळे.

पूल पुन्हा ओलांडून कोर्लई गाठलं की दुसरंच नवल समोर येतं. आधी किल्ला. पायथ्याशी दीपगृह आहे, तिथून पायऱ्यांची वाट वर जाते. किल्ला चिंचोळा आणि लांबच लांब, डोंगराच्या धारेवर बसलेला, एकामागून एक दरवाजे. याच डोंगरावर 1594 मध्ये दुसऱ्या बुऱ्हाण निजामशाहाने ठाणं बांधलं, कारण इथून तोफा डागल्या की खाडीत शिरणारं प्रत्येक जहाज टप्प्यात येई. पोर्तुगिजांनी त्याच वर्षी सप्टेंबरात ते जिंकलं. दारात हत्ती मरून आडवा पडला आणि दरवाजा लावता आला नाही, असं त्यांच्या इतिहासकारांनी लिहून ठेवलंय. आत छप्पर नसलेलं चर्च आहे, वेदीची भिंत अजून उभी. मराठ्यांच्या सुभानराव माणकरांनी ठाणं घेतल्यावर संत फ्रान्सिसच्या बुरुजाचा गणेश बुरूज झाला. बुरूज तोच, तोफा त्याच, संरक्षक देवता बदलली.

खरं नवल मात्र पायथ्याच्या गावात आहे. कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीत घरोघरी एक भाषा बोलली जाते, जिचे शब्द बहुतांशी पोर्तुगीज आहेत आणि वाक्याची ठेवण मराठीच्या अंगाने गेलेली. बोलणारे हजाराच्या आसपास. ते तिला ‘नॉ लिंग’, म्हणजे आपली भाषा, म्हणतात. बाहेरचे तिला क्रिस्ती किंवा कोर्लई क्रिओल म्हणतात. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी तिच्यावर 1996 मध्ये आख्खं पुस्तक लिहिलं.

1740 मध्ये पोर्तुगीज सत्ता गेली, शिपाई आणि पाद्री पांगले. मग भाषा कशी राहिली? एक कारण सामाजिक. इथले ख्रिस्ती आजूबाजूच्या जातींशी लग्नसंबंध करत नव्हते, त्यामुळे चुलीजवळची भाषा बदलायला कुणी बाहेरून घरात आलं नाही. दुसरं कारण नकाशात दिसतं. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, पाठीशी डोंगर. साळावचा पूल 1980 च्या दशकात झाला, तोवर रेवदंड्याला जायचं तर होडी. शाळा आणि बाजार मराठीत, चर्चमधली उपासनाही आता मराठीतून चालते, पण घरात आईशी बोलायला नॉ लिंग. मुलं मोठी होऊन अलिबाग-मुंबईला नोकरीला लागली की पुढच्या पिढीत काय होतं, ते जगभरातल्या लहान भाषांचं झालंय तेच. गावातल्या माउंट कार्मेलच्या मातेच्या चर्चचा सण 16 जुलैला, ऐन पावसात येतो. कोर्लई त्या दिवशी पाहावं, असं या लेखमालेचं मत आहे, चिखलाची तयारी असेल तर.

भिंती रेवदंड्यात, बोली कोर्लईत. राहिल्या घंटा. मराठ्यांनी पोर्तुगीज मुलखातून ज्या घंटा उचलल्या त्या वितळवून तोफा ओतता आल्या असत्या. बऱ्याच घंटांचं तसं झालं नाही. त्या देवळांत टांगल्या गेल्या. वाईजवळ मेणवलीला नाना फडणीसांच्या वाड्यामागच्या घाटावर अशी एक घंटा आहे, तिच्यावर 1707 हे साल आणि बाळ येशूला घेतलेली मेरी कोरलेली आहे. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा तर गोदावरीच्या पुराची खूण म्हणून बोलण्यात रुळली.

माणगावकराला त्यासाठी वाई-नाशिक गाठायची गरज नाही. परतताना कोलाडहून थोडं उत्तरेला वाकण फाट्यावर वळलं की पाली, अष्टविनायकांतला बल्लाळेश्वर. या देवळाच्या चिऱ्यांच्या सांध्यांत शिसं ओतलंय. इथली मोठी घंटा युरोपी बनावटीची. चिमाजीअप्पांनी वसई-साष्टीच्या स्वारीनंतर ती देवाला वाहिली असं सांगतात. संकष्टीचा दिवस टाळावा, नाहीतर घंटेपर्यंत पोचायला रांगेतच अंधार होतो. पालीहून माणगाव सव्वा तासाच्या आसपास आहे, महामार्गावर कामं चालू नसतील तर.

पुढच्या आठवड्यात पुन्हा चौल, पण या वेळी तटाबाहेरचं. राजकोट, हमामखाना, रामेश्वराचं तळं आणि दत्ताच्या टेकडीच्या पायऱ्या.