ईस्ट चार्ल्सटन रोड, क्रमांक ८४४

इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेल्या कुणालाही ‘७४१’ म्हटलं की प्रॅक्टिकलचा तास आठवतो. ब्रेडबोर्ड, तारांचा गुंता आणि आठ पायांची ती काळी आयसी. १९६८ साली ती बाजारात आणली फेअरचाइल्ड सेमिकंडक्टरने. या कंपनीचं पहिलं घर कॅलिफोर्नियात, पालो आल्टोमध्ये अजून उभं आहे. दुमजली, अगदी साधी इमारत.

ट्रान्झिस्टरचे नोबेल मानकरी विल्यम शॉकली यांच्या हाताखाली काम करणं अशक्य झालं, तेव्हा १९५७ मध्ये आठ तरुण त्यांच्या कंपनीतून बाहेर पडले आणि त्यांनी फेअरचाइल्ड सुरू केली. करारनामा तयार नव्हता, म्हणून डॉलरच्या दहा नोटांवरच सह्या झाल्या. यंत्रंही बरीचशी स्वतःच जुळवावी लागली. त्या आठांपैकी रॉबर्ट नॉयस आणि जे लास्ट सॅन फ्रान्सिस्कोच्या एका दुकानातून सिनेमा कॅमेऱ्याची भिंगं घेऊन आले आणि सिलिकॉनवर नक्षी उमटवणारा कॅमेरा त्यातून उभा राहिला. पहिली ऑर्डर आयबीएमची: शंभर ट्रान्झिस्टर, नगाला दीडशे डॉलर.

पण या ट्रान्झिस्टरांना एक खोड होती. पेन्सिलीने नुसती टिचकी मारली, तरी आतला धातूचा कण सुटून काही नग बंद पडत. त्यावरचा, आठांपैकीच एक असलेल्या झाँ होर्नी यांचा तोडगा मला आजही थक्क करतो. सिलिकॉन तापवताना त्यावर ऑक्साइडचा पातळ थर चढतो. तो अशुद्ध मानून सगळे धुऊन टाकत. होर्नी म्हणाले, राहू द्या. तोच थर आतल्या नाजूक जोडांचं पांघरूण झाला. मग १९५९ मध्ये नॉयसना सुचलं, की त्याच थरावरून धातूच्या रेघा ओढल्या तर एकाच तुकड्यावरचे अनेक घटक जोडता येतील. सप्टेंबर १९६० मध्ये लास्ट यांच्या गटाने तशी चालणारी आयसी करून दाखवली. पुढे अपोलो यानाच्या संगणकासाठी फेअरचाइल्डच्याच आयसी निवडल्या गेल्या.

१९६८ मध्ये नॉयस आणि आठांपैकीच गॉर्डन मूर यांनी बाहेर पडून इंटेल काढली. फेअरचाइल्डचे मालक बदलत गेले आणि २०१६ मध्ये ती ऑन सेमिकंडक्टरमध्ये विलीन झाली. इमारतीला कॅलिफोर्नियाने ऐतिहासिक स्थळ क्रमांक १००० म्हणून नोंदवलं आहे. दुसऱ्या कंपन्यांनी बनवलेली ७४१ मात्र मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आजही सुटी मिळते.