पांढऱ्या माशीवरच्या संशोधनाला पैसे कोण देतं?

नारळाच्या झावळीची खालची बाजू पांढऱ्या मेणचट वलयांनी भरलेली आणि खाली पडणाऱ्या चिकट स्रावामुळे केळीच्या पानांवर काळी बुरशी चढलेली. कोकणपट्टीतल्या वाड्यांना हे दृश्य आता नवं राहिलेलं नाही. ही करामत रुगोज चक्राकार पांढऱ्या माशीची. मध्य अमेरिकेतली ही कीड भारतात पहिल्यांदा २०१६ मध्ये तमिळनाडूतल्या पोल्लाचीच्या नारळबागांत आढळली आणि मग किनाऱ्याकिनाऱ्याने पसरत गेली. वसईत नारळाखाली केळी, केळीशेजारी पानवेल आणि मधल्या मोकळ्या जागेत भाजी किंवा फुलं असतात, त्यामुळे अशी कीड एका झाडापुरती राहत नाही.

कीड आली की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात: ‘सरकार काही देत नाही’ आणि ‘संशोधनाला एवढे पैसे येतात, ते जातात कुठे?’ दोन्हींच्या मुळाशी काही पक्के गैरसमज आहेत. ते एकेक करून तपासू.

गैरसमज १: संशोधनाचा निधी हे शेतकऱ्याला मिळणारं अनुदानच.

वस्तुस्थिती: सरकारी पैशाचे इथे तीन वेगळे कप्पे आहेत आणि एकातला पैसा दुसऱ्यात जात नाही.

पहिला कप्पा थेट अनुदानाचा. महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर अर्ज करायचा, सातबारा जोडायचा, निवड झाली की काम करायचं आणि रक्कम खात्यात घ्यायची. २०१८-१९ पासूनची भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना याच कप्प्यातली. कोकणात तिची किमान मर्यादा ०.१० हेक्टर, म्हणजे साधारण दहा गुंठे आहे. उर्वरित महाराष्ट्रात ती ०.२० हेक्टर आहे. अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असं मिळतं. गुंठ्यांत मोजल्या जाणाऱ्या वसईच्या वाड्यांना ही सवलत महत्त्वाची आहे, पण तिचा हेतू लागवडीचा आहे. किडीचा अभ्यास त्यात बसत नाही.

दुसरा कप्पा प्रात्यक्षिकं, शेतशाळा आणि प्रशिक्षणाचा. तो ‘आत्मा’ ही कृषी विस्तार यंत्रणा आणि कृषी विज्ञान केंद्र यांच्यामार्फत खर्च होतो. लाभ गटाला मिळतो, तोही बहुधा निविष्ठा, सापळे किंवा अभ्यास दौऱ्याच्या रूपाने.

तिसरा कप्पा संशोधन निधीचा. हा पैसा संस्थेला मिळतो, ठरावीक प्रश्नासाठी आणि ठरावीक मुदतीसाठी. प्रकल्प सहायकाचा पगार, प्रयोगशाळेतलं साहित्य, शेतावरच्या फेऱ्या, कीडसंख्येच्या नोंदी हा त्याचा खर्च. तो शेतकऱ्याच्या खात्यात दिसत नाही म्हणून तो झालाच नाही, असं मानणं चूक आहे.

गैरसमज २: नारळ, केळी यांना कोण विचारतो? पैसा सगळा कापूस-सोयाबीनला.

वस्तुस्थिती: नारळासाठी स्वतंत्र वैधानिक मंडळ आहे. नारळ विकास मंडळ १९८१ मध्ये स्थापन झालं. त्याचं मुख्यालय कोचीला, महाराष्ट्राचं केंद्र ठाण्यात आणि प्रात्यक्षिक तथा बीजोत्पादन प्रक्षेत्र पालघरमध्ये सातपाटीजवळच्या दापोली गावात आहे. (रत्नागिरीची दापोली वेगळी.) मंडळाच्या नारळ तंत्रज्ञान अभियानातला एक घटक तर कीड-रोग व्यवस्थापनासाठीच आहे. त्याचे टप्पे तीन: तंत्रज्ञान विकसित करणं, त्याचं प्रात्यक्षिक दाखवणं आणि शेतकऱ्यांनी ते अवलंबणं. विकास आणि प्रात्यक्षिकासाठी सरकारी व सहकारी संस्थांना पूर्ण खर्च आणि स्वयंसेवी संस्था किंवा उद्योजकांना निम्मा खर्च, अशी या अभियानाची रचना आहे. कमाल रकमा बदलत असतात, म्हणून चालू वर्षाच्या मार्गदर्शक सूचना पाहूनच आकडे मांडावेत.

संशोधनाची बाजूही रिकामी नाही. रत्नागिरीजवळ भाट्ये इथे दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं प्रादेशिक नारळ संशोधन केंद्र आहे. पालघरला विद्यापीठाचं कृषी संशोधन केंद्र आहे आणि डहाणू तालुक्यात कोसबाडला गोखले एज्युकेशन सोसायटीचं कृषी विज्ञान केंद्र. याशिवाय भारतीय कृषी संशोधन परिषदेचा राष्ट्रीय कृषी विज्ञान निधी, नाबार्डचा कृषी क्षेत्र प्रोत्साहन निधी आणि राज्याचा राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोग ही दारं आहेतच. त्यांच्यापुढे प्रस्ताव प्रस्तावाशी स्पर्धा करतो. पीक मोठं की छोटं, यापेक्षा प्रश्न किती नेमका आणि उत्तराचा उपयोग किती जणांना, हे तिथे तोललं जातं.

गैरसमज ३: पदवी नाही, प्रयोगशाळा नाही, शेतकऱ्याचं तिथे काय काम?

वस्तुस्थिती: मोठ्या निधीचा मुख्य अर्जदार बहुधा संस्थाच असते, हे खरं. पण शेतकऱ्यासाठी निदान तीन वाटा खुल्या आहेत.

एक, कृषी विज्ञान केंद्राची शेतावरील चाचणी. केंद्राचा वार्षिक आराखडा वैज्ञानिक सल्लागार समितीपुढे जातो आणि तिच्यात शेतकरी प्रतिनिधी असतात. ‘आमच्याकडे दोन झाडांमागे एकाला गेंड्या भुंगा लागतो, मेटारायझियम बुरशी शेणखड्ड्यात टाकून फरक पडतो का, ते आमच्या वाडीत पाहा’ ही मागणी तिथे रीतसर करता येते. ‘आत्मा’तही तालुका पातळीवर शेतकरी सल्लागार समिती असते.

दोन, राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान. २००० साली सुरू झालेली ही संस्था औपचारिक शिक्षण नसलेल्या माणसांच्या शोधांची नोंद घेते, त्यांची चाचणी करवते आणि मदत देते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे तिसरी शिकलेले. भाताच्या शेतात वेगळ्या दिसलेल्या लोंब्यांतून त्यांनी एचएमटी वाण निवडलं. २००५ मध्ये या प्रतिष्ठानचा पुरस्कार त्यांना राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते मिळाला. तोपर्यंत वाण विदर्भभर पसरलं होतं, पण निवडणाऱ्याचं नाव मागे राहिलं होतं. नोंद वेळेवर न झाल्याची किंमत त्यांनी आयुष्यभर मोजली.

तीन, नवउद्योगाची वाट. राष्ट्रीय कृषी विकास योजनेच्या कृषी स्टार्टअप घटकात कल्पनेच्या टप्प्यावर पाच लाखांपर्यंत आणि त्यापुढच्या टप्प्यावर पंचवीस लाखांपर्यंत साहाय्य मिळतं, तेही मान्यताप्राप्त उद्भवन (इन्क्युबेशन) केंद्रामार्फत. सापळा, गंधाचं आमिष, झाडावर न चढता पाहणी करण्याचं साधन अशा कल्पना इथे बसतात.

गैरसमज ४: महापालिका आली, आता शेतीच्या योजना संपल्या.

वस्तुस्थिती: ३ जुलै २००९ रोजी चार नगरपरिषदा आणि आसपासची गावं मिळून वसई-विरार महापालिका झाली. त्यानंतर हा समज घट्ट झाला. त्यात तथ्य एवढंच, की रोजगार हमीतून होणारी फळबाग लागवड ग्रामीण क्षेत्रासाठी आहे. रोजगार हमीत न बसणाऱ्या शेतकऱ्यांसाठीच फुंडकर योजना आणली गेली. कृषी खात्याच्या योजनांचा मूळ कागद सातबारा आहे. संशोधन निधीत तर हद्दीचा प्रश्नच नसतो. उलट शहराच्या कुशीतली शेती, दाट वस्तीशेजारी फवारणी टाळायची गरज आणि दादरच्या बाजारात रोज जाणारी भाजी-फुलं हे प्रस्तावातले भक्कम मुद्दे ठरू शकतात.

गैरसमज ५: कीड व्यवस्थापनाचा निधी म्हणजे फवारणीचे पैसे.

वस्तुस्थिती: किडीवरच्या संशोधनाची सर्वांत मोलाची फळं बऱ्याचदा ‘फवारू नका’ अशी निघाली आहेत.

२००२ मध्ये सांगली भागात उसावर लोकरी मावा आला आणि पश्चिम महाराष्ट्र हादरला. उभ्या उसात उंचावर फवारणी करणं अवघडच. शेवटी मावा आवरला तो डिफा आणि मायक्रोमस या परभक्षी किडींनी. डिफाला शेतकरी कोनोबाथ्रा म्हणूनच ओळखतात. हे मित्रकीटक ओळखणं, वाढवणं आणि शेतात सोडणं हे काम संशोधन संस्था व साखर कारखान्यांनी मिळून केलं.

२००८ मध्ये कोइंबतूरला पपईवर पिठ्या ढेकूण आढळला आणि तो झपाट्याने पसरला. २०१० मध्ये बंगळुरूच्या संशोधन संस्थेने प्युर्टो रिकोहून तीन परोपजीवी कीटक आणले. त्यातल्या ॲसेरोफॅगस पपायी या कीटकाने काही महिन्यांत पारडं फिरवलं. शेतकऱ्याच्या खात्यात त्यासाठी दमडीही आली नव्हती, पण फवारणीचा खर्च वाचला तो त्याचाच.

नारळावरच्या पांढऱ्या माशीची गोष्ट याहून गमतीची आहे. तिच्यामागोमाग एनकार्सिया ग्वाडेलूपे हा चिमुकला परोपजीवी कीटक भारतात कुणी न आणता पोहोचला. संशोधकांनी तो ओळखला, माशीच्या किती पिल्लांत तो अंडी घालतो ते मोजलं आणि सल्ला दिला: रासायनिक कीटकनाशक मारू नका, माशीबरोबर हाही मरेल. पाण्याचा जोरदार फवारा, कडुनिंब तेल, पिवळे चिकट सापळे आणि आयसेरिया बुरशी एवढ्यावर भागवा. वसईत मुद्दा असा उरतो, की केळी, पानवेल आणि फुलं एकत्र असलेल्या वाडीत हा परोपजीवी किती टिकतो आणि शेजारच्या भाजीवरच्या फवारणीचा त्याला किती फटका बसतो. निधी मागण्याजोगा प्रश्न असा असतो.

गैरसमज ६: कीड पसरली की अर्ज करायचा.

वस्तुस्थिती: तोवर उशीर झालेला असतो. प्रस्ताव, छाननी, सादरीकरण, मंजुरी आणि पहिला हप्ता यांत हंगाम निघून जातो. उद्रेकाच्या काळात उपयोगी पडते ती आधीपासून चाललेली पाहणी. २००८ मध्ये सोयाबीनवर अळ्यांचा उद्रेक झाला आणि २००९-१० पासून महाराष्ट्रात क्रॉपसॅप हा कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प उभा राहिला. पुढे फळपिकांसाठी हॉर्टसॅप आला. १५ ऑगस्ट २०२४ पासून केंद्राची राष्ट्रीय कीड सर्वेक्षण प्रणालीही सुरू आहे. तिच्या मोबाइल ॲपवर फोटो टाकून कीड ओळखता येते.

वाडीवाल्याने इथे करायचं काम साधं आहे: तारीख, झाडांची संख्या, किती झाडं बाधित, झावळीचा फोटो, काय फवारलं आणि कधी. ‘यंदा माशी फार आहे’ यावर कोणी पैसा देत नाही. ‘चाळीस झाडांपैकी अठ्ठावीस बाधित, पावसाआधी जास्त, पावसानंतर कमी’ अशी दोन हंगामांची वही असेल, तर शास्त्रज्ञाच्या प्रस्तावाचं पहिलं पान तयार होतं.

गैरसमज ७: अर्क गुणकारी ठरला, निधीही मिळाला, आता बाटल्या भरून विकू.

वस्तुस्थिती: स्वतःच्या वाडीसाठी दशपर्णी अर्क करणं वेगळं आणि कीडनाशक म्हणून विकणं वेगळं. १९६८ च्या कीटकनाशक कायद्यानुसार विक्रीसाठी केंद्रीय नोंदणी समितीकडे नोंदणी लागते. मेटारायझियम, ट्रायकोडर्मासारखी जैविक उत्पादनंही त्यातून सुटत नाहीत. निधीच्या मंजुरीचं पत्र म्हणजे विक्रीचा परवाना होत नाही. तसंच कृषी विद्यापीठाची शिफारस बाहेर पडते ती संयुक्त ॲग्रेस्कोत मान्य झाल्यावरच. राज्यातल्या चारही कृषी विद्यापीठांचे शास्त्रज्ञ या बैठकीत आकडे तपासतात. एका वाडीतला एका हंगामाचा चांगला अनुभव तिथे पुरत नाही.

गैरसमज ८: ओळख किंवा एजंट असला की काम होतं, आणि पैसे आले की विषय संपला.

वस्तुस्थिती: अर्ज मागवल्याची सूचना, निकष आणि नमुना निधी देणाऱ्या संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावर असतो. मंजुरीतला टक्का मागणारा मध्यस्थ भेटला, तर तिथूनच मागे फिरावं. केंद्राचा पैसा घेणाऱ्या स्वयंसेवी संस्थेची सरकारच्या ‘दर्पण’ पोर्टलवर नोंद लागते. रक्कम हप्त्यांनी येते. आधीच्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र आणि प्रगती अहवाल दिल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही. सापळ्यांसाठीचा पैसा पंपावर खर्च केला, तर तो परत करावा लागतो. प्रयोग फसला म्हणून मात्र पैसे परत मागत नाहीत. उपाय चालत नाही, हे प्रामाणिक आकड्यांनी दाखवणंही संशोधनच आहे.

मग सुरुवात कुठून करायची? एकट्याने नको. गेंड्या भुंगा शेजारच्या शेणखड्ड्यात वाढतो आणि तुमच्या माडाचा कोंब खातो. त्याने केलेल्या जखमेतून सोंड्या भुंगा शिरतो. कुंपणापलीकडचा वाडीवाला सोबत नसेल, तर ना उपाय चालेल ना प्रस्ताव. एका आळीतल्या दहा-पंधरा वाड्यांनी आत्मात गट नोंदवावा आणि एकच कीड निवडून वर्षभर एकसारख्या नोंदी ठेवाव्यात. ती वही घेऊन आधी वसईच्या तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे आणि मग कोसबाड किंवा पालघरच्या शास्त्रज्ञांकडे जावं. त्यांना प्रकल्पासाठी शेतं, आकडे आणि तयार शेतकरी हवे असतात, आणि त्या वहीत तिन्ही असतात.