दुसरी सुई

1983. लास वेगासमधलं एक हॉटेल, अमेरिकेतल्या युरॉलॉजिस्टांची परिषद. टोरांटोचा तरुण डॉक्टर लॉरेन्स क्लॉट्झ संध्याकाळच्या व्याख्यानाला जायला लिफ्टमध्ये शिरला. आत निळ्या ट्रॅकसूटमधले पन्नाशी ओलांडलेले गृहस्थ सिगारचा छोटा डबा घेऊन चुळबुळत उभे होते. मध्येच ते डबा उघडून आतल्या स्लाइड चाळत होते. थोड्या वेळाने तेच गृहस्थ व्यासपीठावर उभे राहिले. ते होते लंडनचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ जाइल्स ब्रिंडली.

समोर ऐंशीएक श्रोते. व्याख्यानानंतर स्वागत समारंभ होता, म्हणून डॉक्टरांबरोबर त्यांच्या बायकाही नटूनथटून आलेल्या. ब्रिंडलींनी तीसेक स्लाइड दाखवल्या. निरनिराळी औषधं टोचल्यावर इंद्रियाला किती ताठरता येते, एवढाच विषय, आणि प्रत्येक स्लाइडवर इंद्रिय त्यांचं स्वतःचंच. मग ते म्हणाले की, व्याख्यान देण्यात कामोत्तेजक असं काही नसतं, हे कुणीही मान्य करील. पण इथे येण्याआधी खोलीत आपण औषध टोचून घेतलं आहे. त्यांनी ट्रॅकसूट ताणून धरला. तेवढ्याने समाधान होईना, तेव्हा पँट खाली केली आणि ज्याला खात्री करून घ्यायची त्याने घ्यावी, म्हणून तसेच श्रोत्यांत उतरले. पुढच्या रांगेतल्या बायकांनी किंचाळत हात वर केले. ब्रिंडली भानावर आले, पँट वर ओढली आणि चटकन व्याख्यान आवरतं घेतलं.

माणूस चक्रम म्हणावा, तर अंधांच्या मेंदूत विजेच्या स्पर्शाने प्रकाशबिंदू उमटवणारं यंत्र यानेच तयार करून 1968 साली जगापुढे मांडलं होतं. फावल्या वेळात एक सुषिरवाद्यही नव्याने घडवलं होतं. त्या संध्याकाळचा तमाशा उघड्यानागड्या अर्थाने पुरावाच होता. ताठरतेची तक्रार बहुतेकांची मनातून येते, असं तोवर सर्रास मानलं जाई. इथे मनात कामवासनेचा लवलेश नसताना शरीराने काम केलं होतं.

सुगावा मात्र आधीच पॅरिसमध्ये लागला होता. रक्तवाहिन्यांचे सर्जन रोनाल्ड विराग यांच्या हातून शस्त्रक्रियेत पापावेरिन हे औषध भलतीकडे गेलं आणि भूल दिलेल्या रोग्याला ताठरता आली. 1982 साली त्यांनी ‘लॅन्सेट’ला तसं कळवलं. यातली गंमत अशी की इंद्रिय शिथिल असतं तेव्हा त्याच्या आतले स्नायू आवळलेले असतात. ते सैलावले की रक्त भरतं. औषध त्या स्नायूंना थेट सैल सोडतं, मज्जातंतूंच्या निरोपाची वाट पाहत नाही.

इथवर शोधकथा सरळ चालते. 1995 मध्ये अमेरिकेत अल्प्रोस्टॅडिल या टोचायच्या औषधाला परवानगी मिळाली. पुढच्या वर्षी छापून आलेल्या चाचणीत घरी टोचून घेतलेल्या इंजेक्शनांपैकी 87 टक्क्यांनंतरचा संबंध पुरुषांना समाधानकारक वाटला होता. निम्म्या पुरुषांना कधी ना कधी दुखलं, पण इंजेक्शनांच्या हिशेबात दुखल्याची नोंद फक्त 11 टक्के वेळा. आणखी काय हवं?

तरीही पुरुष इंजेक्शन सोडून देत. औषध लागू पडत असताना सोडत, आणि बहुतेक जण पहिल्या काही महिन्यांतच. 1998 मध्ये ताठरतेसाठी गोळी आली तेव्हा पुष्कळांनी सुटकेचा निःश्वास टाकला असणार. पण प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी ग्रंथी काढून टाकलेल्यांना ती सुटका नव्हती. शस्त्रक्रियेत मज्जातंतू दुखावतात, महिनोन्‌महिने मुके राहतात, आणि गोळी चालते ती मज्जातंतूंच्या निरोपावर. म्हणून अशांना सुईच सांगतात, तीही आठवड्यातून दोन-तीनदा, आतल्या पेशींना ताजं रक्त मिळत राहावं म्हणून.

आता सुई घेऊन न्हाणीघराचं दार लावलेल्या अशाच एका माणसाकडे पाहू. सुई इन्सुलिनच्या सुईइतकी बारीक. इंद्रियाला घड्याळाची तबकडी मानायचं. टोचायचं दहाच्या किंवा दोनच्या जागी. बाराला शिरा आणि मज्जातंतू, सहाला मूत्रनलिका. बाजू आलटूनपालटून घ्यायची, नंतर काही मिनिटं बोळा दाबून धरायचा. चार तासांनंतरही ताठरता उतरली नाही तर तडक हॉस्पिटल गाठायचं. दुखणं म्हणावं तर मुंगी चावल्याएवढं. पण पोटात इन्सुलिन बिनदिक्कत टोचणारा माणूसही इथे गळपटतो. आज नको, उद्या बघू. बायको खोलीत वाट पाहत असते. ती वाट पाहते आहे हे त्याला माहीत असतं, त्यामुळे आणखीच नको वाटतं. टाळलं की तेवढ्यापुरतं हायसं वाटतं, आणि हे हायसं वाटणंच उपचाराच्या मुळावर येतं.

हा धागा न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कर्करोग केंद्रातल्या मानसशास्त्रज्ञांनी पकडला. त्यांचा छोटा प्रयोग 2019 साली प्रसिद्ध झाला. प्रोस्टेट काढलेले 53 पुरुष, दोन गट. एका गटाला अनुभवी परिचारिकेचे विचारपुशीचे फोन. दुसऱ्याला मानसोपचाराच्या बैठका. त्यात भीती घालवण्याचा प्रयत्नच नव्हता. लाज वाटते? वाटू दे. हात थरथरतो? थरथरू दे. तुला हे कशासाठी हवं आहे, कुणासाठी हवं आहे, ते आधी बोल. मग भीतीसकट सुई उचल. मला यातलं ‘भीतीसकट’ फार महत्त्वाचं वाटतं, कारण रोग्याला ‘घाबरू नका’ सांगण्यात डॉक्टर मंडळी हयात घालवतात.

चार महिन्यांनी मोजदाद झाली. फोनवाल्या गटात आठवड्याला सरासरी 0.9 इंजेक्शनं, बैठकांच्या गटात 1.7. ठरल्याप्रमाणे उपचार पाळणारे पहिल्यात 10 टक्के, दुसऱ्यात 44. म्हणजे या दुसऱ्या गटातही निम्म्याहून जास्त पुरुष दार लावून आत गेले, सुईकडे पाहिलं आणि पुष्कळदा तसेच बाहेर आले असणार.