अंगठ्याच्या मुळाशीं येणारी गांठ



घरांत नवा जोडा आला म्हणजे तो पायाला बसतो कीं नाहीं हें आपण पाहतों; पण थोडा घट्ट असला तरी "वापरून सैल होईल" अशी समजूत घालून तोच पायांत चढवितों. पुष्कळदां सैल होतो तो जोडा नव्हे, वांकतो तो पाय! अंगठ्याच्या मुळाशीं हळूहळू एक उंचवटा येतो, तो लाल होऊन घासूं लागतो, आणि अंगठा शेजारच्या बोटावर कलतो. इंग्रजींत या विकाराला बनियन म्हणतात. अंगांत घालावयाच्या बनियनाशीं त्याचा अर्थातच संबंध नाहीं.

हें नवें हाड वाढलें, अशी अनेकांची कल्पना असते. वस्तुतः अंगठ्यामागचें पावलांतील लांब हाड दुसऱ्या पायाच्या बाजूस सरकतें, अंगठा उलट दिशेस वळतो, आणि मधला सांधा कोपराप्रमाणें बाहेर डोकावतो. पायाची ही ठेवण पुष्कळदां आईबापांकडून येते, आणि स्त्रियांत हा विकार अधिक आढळतो. निमुळता जोडा त्यांत भर घालतो. इंग्लंडांत केंब्रिज येथील मध्ययुगीन १७७ सांगाड्यांची पाहणी २०२१ सालीं प्रसिद्ध झाली. तींत अकराव्या ते तेराव्या शतकांतील सांगाड्यांपैकीं शेकडा ६, तर चौदाव्या व पंधराव्या शतकांतील, म्हणजे टोंकदार जोड्यांची टूम निघाल्यानंतरच्या, सांगाड्यांपैकीं शेकडा २७ जणांत ही विकृति दिसली.

आतां उपाय. पहिला उपाय शस्त्राचा नव्हे, जोड्याचा. कागदावर उभें राहून पावलाची आकृति काढावी व जोडा तिच्यावर ठेवावा. आकृति जोड्याबाहेर डोकावली, तर तो जोडा आपला नव्हे. खरेदी संध्याकाळीं करावी, कारण दिवसभरांत पाय किंचित् सुजलेला असतो. पुढें रुंद, टांच ठेंगणी, वरचें कातडें मऊ, एवढें पाहावें. गांठीवर मऊ गादी लावावी. ठणका लागल्यास फडक्यांत गुंडाळलेला बर्फ थोडा वेळ धरावा. रात्रीं बांधावयाच्या पट्ट्यांनीं बरें वाटेल, पण वळलेलें हाड त्यांनीं कायमचें सरळ होत नाहीं.

मग शस्त्रक्रिया केव्हां? फिनलंडांत २०९ रोग्यांवर केलेला एक प्रयोग २००१ सालीं प्रसिद्ध झाला. जोड्यांतील आधारांनीं सहा महिन्यांपर्यंत वेदना कमी झाल्या. परंतु वर्षअखेर शस्त्रक्रिया झालेल्यांचीच स्थिति अधिक चांगली आढळली. तथापि ही क्रिया म्हणजे नुसती गांठ तासणें नव्हे. बहुधा हाड कापून, जागेवर सरकवून, स्क्रूनें बसवावें लागतें. पुढें सुमारें सहा आठवडे विशेष जोडा वापरावा लागतो, आणि सूज कित्येक महिने रेंगाळते. सांधा ताठणें, बधिरपणा, जंतुदोष, गांठ पुन्हां येणें, हे धोकेही आहेत. म्हणून केवळ पाऊल सुंदर दिसावें यासाठीं शस्त्रक्रिया करवूं नये. योग्य जोडा वापरूनही चालणें दुःसह झालें, तरच अस्थितज्ज्ञाशीं तिचा विचार करावा.

एक इशारा द्यावयास हवा. सांधा एकाएकीं लाल, गरम व अतिशय दुखरा झाला, तर तो वातरक्ताचा किंवा जंतुदोषाचा प्रकार असूं शकतो. मधुमेह्याच्या पायावर लहानशी जखम झाली, तरी घरगुती उपायांत वेळ न दवडतां डॉक्टरांना दाखवावी.

आपल्या घरांतील वडीलधाऱ्या स्त्रिया हें दुखणें वर्षानुवर्षें सांगत नाहींत. आज त्यांना नुसतें "पाय कसे आहेत?" असें विचारूं नका, त्यांचे पाय पाहा, आणि मग त्यांचे जोडेही पाहा.